समुद्रावरच्या धावपळीच्या दिवसासाठी पुरुषांनी पोहण्याची शॉर्ट कशी निवडावी

कोकणातल्या कोणत्याही गजबजलेल्या किनाऱ्यावर, मग तो नागावचा असो, काशीदचा असो वा तारकर्लीचा, सुट्टीच्या दिवशी पाण्यात उतरलेल्या पुरुषांकडे पाहिले तर बहुतेकांच्या अंगावर घरात वापरायची सुती बर्म्युडा, होजिअरीची ट्रॅकपँट किंवा चक्क गुडघ्यापर्यंत दुमडलेली जीन्स दिसते. लाटांत पाय बुडवून परत फिरायचे असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. मात्र ज्याचा दिवस सकाळी पोहण्याने सुरू होऊन स्नॉर्केलिंग, बनाना राइड, कयाक आणि उन्हे उतरल्यावर वाळूतला व्हॉलीबॉल असा जाणार आहे, त्याच्या कमरेखालचा कपडा हाच त्या दिवशी सर्वांत जास्त राबणारा कपडा असतो. तो ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो, वाळूत घासला जातो, पॅरासेलिंगच्या पट्ट्यांखाली दाबला जातो, आणि अनेकदा तोच अंगावर ठेवून लोक जेवायलाही बसतात. त्यामुळे नक्षी आणि ब्रँड यांच्याकडे वळण्यापूर्वी कापड, अस्तर, बेतणी आणि कंबर या गोष्टी पारखून घ्याव्यात. त्यातही अस्तराकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे माझे ठाम मत आहे, कारण दिवस वाया घालवणारा त्रास बहुधा तिथूनच सुरू होतो.

पहिली पायरी : दिवसाचा बेत आधी ठरवावा

दुकानात जाण्यापूर्वी किनाऱ्यावर नेमके काय करायचे आहे ते स्वतःशी स्पष्ट असावे, कारण सर्व कामांना सारखीच उपयोगी पडणारी शॉर्ट नसते. मालवण परिसरात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात पहिल्यांदाच स्कूबा डायव्हिंग करणाऱ्याला बहुतेक ठिकाणी अंगाला चिकटून बसणारा वेटसूट चढवावा लागतो. त्याच्या आत सैल, घोळदार शॉर्ट असली की तिच्या घड्या मांडीच्या सांध्यात गोळा होतात आणि पाण्याखाली असताना त्या नीटही करता येत नाहीत. अशा वेळी मांडीपर्यंत येणारी तंग पोहण्याची चड्डी, म्हणजेच जॅमर, सर्वांत सोयीची. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी कयाक वल्हवणाऱ्याची गरज वेगळी असते. तो तासभर ओल्या बैठकीवर बसून राहतो, त्यामुळे त्याच्या शॉर्टला मागचा खिसा आणि बसायच्या जागी जाड शिवण नसलेली बरी. गोव्यात मोरजी किंवा अश्वे येथे सर्फिंग शिकणारा बराच वेळ फळीवर पालथा असतो, म्हणून त्याला पुढे धातूची बटणे किंवा नाडीची जाड गाठ टोचते. व्हॉलीबॉल खेळणाऱ्याला पाय फाकवता येतील असे ताणाचे कापड लागते.

ज्यांना एकाच दिवसात यांतले दोन-तीन प्रकार करायचे आहेत, आणि असेच लोक जास्त असतात, त्यांनी मध्यम लांबीची, किंचित ताणली जाणारी, हलक्या कापडाची शॉर्ट घेऊन तिच्या आत काय घालायचे ते प्रसंगानुसार बदलावे.

पोहण्याचा सराव आधी शहरातल्या तरण तलावात करायचा असेल तर तिथले नियमही पाहून घ्यावेत. अनेक तलावांवर सैल शॉर्ट चालत नाही आणि नायलॉनचा तंग कॉश्च्युमच लागतो. त्यामुळे किनाऱ्यासाठी घेतलेली शॉर्ट तिथेही चालेल असे गृहीत धरू नये.

दुसरी पायरी : कापडाची पारख

सुती कापड घामाला उत्तम, समुद्राला नाही. प्रमाणित हवामानात कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो, नायलॉन सुमारे ४ टक्के आणि पॉलिएस्टर अवघा ०.४ टक्के. पॉलिएस्टरच्या शॉर्टमधले पाणी मुख्यतः धाग्यांच्या मधल्या फटींत अडकलेले असते, त्यामुळे ते झटकल्यावर निघून जाते आणि उरलेले वाऱ्याने उडते. सुती बर्म्युडातले पाणी तंतूंच्या आत शिरलेले असते. ती जड होऊन खाली ओढली जाते, मांड्यांना चिकटते आणि दमट हवेत दुपारपर्यंत ओलीच राहते. जीन्सच्या बाबतीत ही केवळ गैरसोय राहत नाही. पाणी प्यायलेली जाड जीन्स पायांची हालचाल जखडते, आणि लाटेने पाय उचलले गेले तर सावरणे कठीण होते.

पॉलिएस्टर आणि नायलॉन यांपैकी एक निवडायचे झाले तर दोघांचे गुण वेगवेगळे आहेत. नायलॉन स्पर्शाला मऊ असते आणि घासण्याला चांगले टिकते, म्हणून खडकांवर बसणाऱ्या आणि सर्फबोर्डवर चढणाऱ्या माणसाला ते सोयीचे. पॉलिएस्टर उन्हाला आणि क्लोरीनला जास्त दाद देत नाही, रंगही जास्त टिकवते आणि अधिक लवकर वाळते. आपल्याकडचे कडक ऊन पाहता मी पॉलिएस्टरकडे झुकतो. प्लास्टिकच्या बाटल्यांपासून पुन्हा बनवलेले पॉलिएस्टरही वापरायला तसेच असते, त्यामुळे ते मिळाले तर बिनधास्त घ्यावे.

ताणासाठी कापडात इलॅस्टेन मिसळलेले असते. लायक्रा आणि स्पॅनडेक्स ही नावे याच धाग्याची असून, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो १९५८ साली तयार केला. सैल शॉर्टमध्ये त्याचे प्रमाण ५ ते १० टक्क्यांच्या आसपास पुरते, तर तंग जॅमरमध्ये ते १५ ते २० टक्क्यांपर्यंत जाते. जास्त इलॅस्टेन म्हणजे जास्त चांगले असे मात्र नाही. हा धागा क्लोरीन, उष्णता आणि सनस्क्रीनमधले तेल यांनी लवकर झिजतो, त्यामुळे सैल शॉर्टमध्ये तो गरजेपुरताच असावा.

दुकानात कापड पारखण्यासाठी लेबलवरची टक्केवारी आधी वाचावी. त्यात २० टक्केही कापूस असेल तर ती शॉर्ट किनाऱ्यावर फिरण्यासाठी ठेवावी. मग हात आत घालून बसायच्या जागेचे कापड दिव्यासमोर धरावे. बोटांची रेषा कोरड्या कापडातून दिसत असेल, तर ओले झाल्यावर ते आणखी पारदर्शक होणार. पांढऱ्या, फिक्या पिवळ्या आणि आकाशी रंगात ही तपासणी टाळूच नये. शेवटी कापड आडवे ताणून सोडावे आणि ते मूळ आकारावर लगेच येते का ते पाहावे.

तिसरी पायरी : अस्तर, म्हणजे खरा प्रश्न

बाजारातल्या बहुतेक स्वस्त शॉर्ट्सच्या आत पांढऱ्या जाळीची चड्डी शिवलेली असते. संथ पाण्यात पोहून बाहेर आल्यावर ती पुरेशी ठरते. वाळूशी गाठ पडली की तिचा स्वभाव कळतो. बनाना राइडच्या शेवटी नाव मुद्दाम वळवून सगळ्यांना पाण्यात पाडतात. तिथून उथळ पाण्यात येताना लाट तळाची बारीक वाळू घेऊन शॉर्टमध्ये शिरते. पाणी जाळीतून निघून जाते, वाळू मात्र जाळी आणि बाहेरचे कापड यांच्यामध्ये राहते आणि जांघेतल्या इलॅस्टिकच्या पट्टीवर एका रेषेत जमा होते. त्याच अवस्थेत किनाऱ्यावर पंधरा मिनिटे चालले की पट्टीच्या जागी कातडी लाल होते, आणि पुढच्या बुडीला खारे पाणी तिथे झोंबू लागते. संध्याकाळपर्यंत मांड्या सोलवटतात आणि माणूस पाय फाकवून चालू लागतो.

म्हणून जाळीची शॉर्ट घ्यायचीच असेल तर ती मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवर तीन-चार वेळा घासून पाहावी. कोरडी असताना खरखरीत लागणारी जाळी ओली आणि खारट झाल्यावर आणखी बोचते. जांघेतली पट्टी दुमडून शिवलेली असण्यापेक्षा सपाट बसवलेली असावी.

दुसरा प्रकार म्हणजे आत मांडीपर्यंत येणारे तंग, ताणाचे अस्तर असलेली शॉर्ट. यात मांडीवर मांडी घासत नाही, वाळू आत शिरायला फारशी जागा राहत नाही आणि धावताना आधार मिळतो. दिवसभर हालचाल करणाऱ्यांसाठी मला हाच प्रकार सर्वांत योग्य वाटतो. त्याच्या दोन अडचणी आहेत. दोन थर असल्याने तो वाळायला जास्त वेळ घेतो, आणि आतले अस्तर मापात बसले नाही तर बाहेरची शॉर्ट कितीही चांगली असली तरी उपयोग होत नाही. त्यामुळे घालून पाहताना बाहेरच्या भागापेक्षा आतल्या अस्तराचे माप आधी पाहावे. त्याची खालची कड मांडीवर वर गुंडाळली जात असेल तर एक माप मोठे घ्यावे.

तिसरा प्रकार बिनअस्तराचा, ज्याला बोर्डशॉर्ट म्हणतात. हा वाळायला सर्वांत चपळ आणि वापरायला सर्वांत मोकळा, पण त्याच्या आत काय घालावे हे आपल्याला ठरवावे लागते. येथे एक चूक सर्रास होते : पाण्यातली महागडी शॉर्ट घेतली जाते आणि आत रोजची सुती अंडरवेअर तशीच राहते. ती सारे पाणी शोषून घेते आणि वरची शॉर्ट वाळून गेली तरी जांघ ओलीच राहते. आत पोहण्याची पातळ चड्डी किंवा जॅमर घालावी, म्हणजे स्कूबाच्या वेळी वरची शॉर्ट काढून वेटसूट चढवता येतो आणि नावेवर कपडे बदलण्याची पंचाईत राहत नाही.

घरात चांगली शॉर्ट आहे पण जाळी त्रास देते, अशांनी ती कापून टाकायला हरकत नाही. लहान कात्रीने शिवणीपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून जाळी कापावी. कमरेच्या शिवणीला हात लावू नये, कारण अनेक शॉर्ट्समध्ये जाळी आणि नाडीचा नेफा एकाच टाक्याने जोडलेले असतात.

चौथी पायरी : लांबी आणि आसण

शॉर्टची लांबी आसणापासून, म्हणजे दोन्ही पाय जिथे जुळतात त्या जागेपासून, खालच्या कडेपर्यंत आतल्या बाजूने मोजतात. बाजारात प्रामुख्याने ५, ७ आणि ९ इंच अशी मापे मिळतात. पोहणे आणि धावणे मुख्य असेल तर ५ इंच मोकळे वाटते. ९ इंचांची शॉर्ट गुडघ्याला आपटते आणि ओली झाली की पाय उचलताना अडखळवते. मिश्र बेतासाठी ७ इंच हा चांगला मध्य आहे. कयाक वल्हवणाऱ्याने मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी : बसल्यावर शॉर्ट वर सरकते आणि मांड्यांचा पुढचा भाग तासभर थेट आकाशाकडे उघडा राहतो. उभ्याने कधी न भाजणारी ही जागा बसून हमखास भाजते. त्यासाठी थोडी लांब शॉर्ट घ्यावी, किंवा तिथे आठवणीने सनस्क्रीन लावावे. शॉर्टवर यूपीएफ ५० असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ उन्हातल्या अतिनील किरणांपैकी पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्केच, कापडातून आत जातो.

बेतणी पाहताना शॉर्ट उलटी करून आसण पाहावे. जिथे चारही शिवणी एका बिंदूत मिळतात तिथे जाड गाठ तयार होते, आणि पाय फाकवताना सगळा ताण तिच्यावर येऊन ती उसवते. चांगल्या शॉर्टमध्ये त्या जागी शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे ताण विभागला जातो आणि मांडीच्या आतल्या बाजूला शिवण येत नाही. पायाची खालची कड फार रुंद नसावी, नाहीतर नावेवरून उडी मारताना शॉर्ट पाण्याने फुगते.

पाचवी पायरी : कंबर, नाडी, खिसे

कमरेला नुसते इलॅस्टिक असलेली शॉर्ट लाटेत भरवशाची नसते. ओले कापड जड होते, डोक्याकडून पडताना पाण्याचा दाब कंबर खाली ओढतो, आणि लाइफ जॅकेट घातलेले असल्याने हात पटकन तिथे पोहोचत नाही. म्हणून इलॅस्टिक असो वा नसो, खरी नाडी हवीच. काही शॉर्ट्समध्ये पुढे दोन टोके नुसती शोभेला शिवलेली असतात. एक टोक ओढून पाहावे. नाडी पूर्ण कमरेतून फिरत असेल तर दुसरे टोक सरकते किंवा कंबर आवळली जाते. मागे मध्यभागी नाडीवर टाका घातलेला असावा, म्हणजे धुताना ती निघून येत नाही. गोल गुळगुळीत दोरीपेक्षा विणलेली चपटी नाडी ओल्या हाताने चांगली बांधली जाते, आणि तिला दुहेरी सुरगाठ मारली की ती दिवसभर टिकते.

वेल्क्रोबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. त्यात वाळू अडकली की पकड जाते, आणि त्याचे आकडे वेटसूटचे व रॅशगार्डचे, म्हणजे पाण्यात घालायच्या तंग टी-शर्टचे, कापड ओरबाडतात.

खिशांचे तळ जाळीचे असावेत, किंवा त्यांना पाणी निघायला छिद्रे असावीत. बंद खिसा पाण्याने भरतो आणि शॉर्ट एका बाजूला ओढतो. चेन प्लास्टिकच्या दातांची घ्यावी. साधी धातूची चेन खाऱ्या पाण्यात काही दिवसांतच घट्ट होते आणि कापडावर गंजाचे डाग सोडते. खिशात लॉकरची किल्ली ठेवण्यासाठी आत एक छोटा फास शिवलेला असेल तर उत्तम. गाडीची रिमोटची किल्ली मात्र पाण्यात नेऊ नये.

रंगाविषयी थोडे

कोकणच्या किनाऱ्यालगतचे पाणी बरेचदा हिरवट-करडे आणि गढूळ असते. निळा, करडा आणि हिरवा रंग त्यात विरून जातो, पांढरा फेसात मिसळतो. नारिंगी, लाल आणि झगझगीत पोपटी रंग लांबून ओळखू येतात. तरीही शॉर्ट बहुतेक वेळ पाण्याखालीच असते, त्यामुळे दिसण्याची खरी जबाबदारी वरच्या रॅशगार्डवर आणि टोपीवर टाकावी. डागांचाही विचार करावा : काही सनस्क्रीनमध्ये ॲव्होबेन्झोन हे रसायन असते, आणि ते लागलेले कापड लोह जास्त असलेल्या पाण्यात धुतले की फिक्या रंगावर तांबूस डाग पडतात आणि ब्लीचने ते अधिकच उठून दिसतात.

सहावी पायरी : घालून पाहणे आणि घरची चाचणी

दुकानात आपली अंडरवेअर तशीच ठेवून शॉर्ट वर घालावी आणि आरशासमोर नुसते उभे राहू नये. उकिडवे बसावे, मांडी घालून बसावे, एक पाय स्टुलावर ठेवून पुढे वाकावे, आणि जागेवरच दोन-चार उड्या माराव्यात. उकिडवे बसताना मागची कंबर खाली सरकत असेल तर ती शॉर्ट नावेत चढताना आपल्याला लाजवणार. नाडी न बांधताही कोरडी शॉर्ट कमरेवर ठरली पाहिजे, कारण ओली झाल्यावर ती थोडी सैल होते. ऑनलाइन घेताना मीडियम-लार्जवर विसंबू नये. शॉर्ट जिथे बसते त्या जागी, म्हणजे बेंबीच्या थोडे खाली, टेपने कंबर मोजून ती इंचांच्या तक्त्याशी ताडून पाहावी.

सहलीच्या आधी घरी एकदा शॉर्ट घालून अंगावर बादलीभर पाणी घ्यावे आणि ती अंगावरच ठेवून थोडे चालावे. कुठे चिकटते, कुठे घासते, रंग जातो का आणि किती वेळात वाळते, हे सगळे न्हाणीघरातच कळून येते. घासणारी जागा सापडली तर तिथे किनाऱ्यावर आधीच पेट्रोलियम जेली लावता येते.

किनाऱ्यावर आणि नंतर

सामानात दोन शॉर्ट्स, एक पंचा आणि एक कोरडी पँट असावी. पंचा अंग पुसायला, आडोशाला आणि ओली शॉर्ट गुंडाळून न्यायला पुरतो, आणि जाड टॉवेलपेक्षा कितीतरी लवकर वाळतो. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी देऊळ अगदी किनाऱ्यालाच लागून आहे, आणि गावातली घरगुती खानावळही बहुधा वाडीतून चालत जाण्याच्या अंतरावर असते. तिथे ओल्या शॉर्टवर जाणे यजमानांना आवडत नाही, आणि आपणही ते टाळावे.

आरोग्याच्या दृष्टीनेही पाण्यातले काम संपल्यावर लगेच कोरडे कपडे घालणे आवश्यक आहे. दमट हवेत जांघ तासन्‌तास ओली राहिली की गजकर्णाला आयतेच निमित्त मिळते, आणि एकदा झालेले गजकर्ण चिवट असते. अंग गोड्या पाण्याने धुऊन जांघा नीट कोरड्या कराव्यात. लालसर, खाजणारा गोल चट्टा दिसला तर मेडिकलमधून मिळणारे स्टिरॉइडमिश्रित मलम मनाने लावू नये, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

शॉर्ट त्याच दिवशी गोड्या पाण्यात खळबळून काढावी. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. त्यामुळे न धुतलेली शॉर्ट कोकणच्या हवेत रात्रभर टांगूनही सकाळी ओलसरच लागते. वाळू झटकण्यासाठी ती उलटी करून धुवावी. पिळण्याऐवजी पंच्यात गुंडाळून दाबावी आणि सावलीत वाळवावी. दोरी नसेल तरी जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, टाकू नये, कारण त्या खडबडीत दगडात इलॅस्टेनचे धागे अडकून ओढले जातात. घरी सौम्य साबण पुरे. गरम पाणी, ब्लीच, फॅब्रिक सॉफ्टनर आणि ड्रायर यांपासून ती दूर ठेवावी.

हंगामाच्या सुरुवातीला, पावसाळ्यात बंद असलेले जलक्रीडा प्रकार पुन्हा सुरू होतात तेव्हा, जुनी शॉर्ट एकदा तपासावी. कंबर ताणल्यावर इलॅस्टिक कुरकुरत असेल आणि परत आवळत नसेल, किंवा बसायची जागा दिव्यासमोर धरल्यावर जाळीदार दिसत असेल, तर ती बागकामाला किंवा गाडी धुताना वापरावी आणि पाण्यासाठी नवी घ्यावी.